बाथरूमची जुनी लादी फोडताना : माझा अनुभव

मुलुंडची आमची इमारत ऐंशीच्या दशकातली. बाथरूमची लादी बदलायची म्हटल्यावर पहिल्या मिस्त्रीने सरळ सुचवलं, "जुनीवरच नवीन चिकटवू. धूळ नको, ठोकाठोक नको." पण खालच्या काकूंच्या छताला ओल धरली होती, रंगाचे पोपडे त्यांच्या बादलीत पडत होते. वरून लादी मारली असती तर पाणी कुठून झिरपतंय ते कळलंच नसतं, आणि जुन्या स्लॅबवर बोजा वाढला असता तो वेगळाच. आम्ही फोडायचं ठरवलं आणि दुसरा मिस्त्री बघितला.

सोसायटीत अर्ज दिला, डिपॉझिट भरलं. ब्रेकर मशीन लावायचं नाही, छन्नी-हातोड्यानेच काम करायचं, ही सेक्रेटरींची अट मला मनापासून पटली. सळया गंजलेल्या असल्या की हादऱ्याने स्लॅबचा माल सुटतो.

मुख्य कॉक बंद केला, गीझरची एमसीबी पाडली. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतलं पाणी जिथून खालच्या पाइपात जातं त्या भांड्याच्या, तोंडात गोणपाटाचा बोळा घट्ट कोंबला, कारण खडे आत गेले की खालची लाईन तुंबलीच.

डेडो, म्हणजे भिंतीवरची लादी, आधी निघाली, वरून खाली. नळाच्या पाइपाजवळ मिस्त्रींनी हात अगदी हलका ठेवला. मग जमीन. त्यांनी छन्नीच्या बोथट टोकाने एकेक लादी वाजवून पाहिली आणि बद्द आवाज येईल, म्हणजे खाली पोकळ असेल, तिथे खडूने फुली मारली. बहुतेक फुल्या ट्रॅपच्या भोवतीच पडल्या. तिथूनच सुरुवात केली. सांध्यातलं व्हाइट सिमेंट खरवडलं, छन्नी जवळजवळ आडवी धरून कडेखाली सरकवली, आणि एक अख्खी लादी उचलून हातात आली. छन्नी उभी मारली की लादीच्या चिपा उडतात. त्यांना काचेची धार असते, म्हणून चष्मा आणि जाड हातमोजे हवेतच.

खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा काळा पडला होता. तुकडा बोटांनी दाबला तर चुरा झाला. ट्रॅपच्या कडेचं सिमेंट सुटून फट पडली होती. काकूंच्या छतावरची ओल नेमकी तिच्याखाली होती.

बिगारी दादांनी तोंडाला रुमाल बांधला होता. सिमेंट-रेतीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही आणि रुमालाने अडत नाही. मी सगळ्यांना एन-९५ मास्क दिले आणि घातल्याशिवाय काम सुरू करू दिलं नाही. फोडायच्या आधी पाणीही शिंपडत होतो. मजुरी देतो म्हणून माणसाने आपल्या घरातली धूळ गिळावी असं नाही ना!

डेब्रिज भरपूर निघतं. पाच सेंटिमीटर जाडीचा माल म्हणजे चौरस मीटरला साधारण १०० किलो. म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अर्ध्याच भरायला लावल्या, जिन्यावरून उतरवायच्या होत्या. एक टेम्पोवाला म्हणाला, "रात्री खाडीकडे टाकून येतो." खारफुटीवर राडारोडा ओतायला मी त्याला पैसे देणार नव्हतो. महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, तिथे नोंदवलं.

नवीन वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून ४८ तास ठेवलं आणि काकूंकडे जाऊन छताला हात लावून बघितला. जुनी ओल वाढलेली नव्हती. मगच नवीन लादीला होकार दिला. त्यांचं छत पूर्ण सुकलं की नवीन रंग आम्ही लावून देणार आहोत.