सोंड्याची सोंड

पाडव्यानंतर इंदुरातल्या छावणीच्या मंडीतून वर्षाचा लोकवन येतो, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला एरंडेल चोळतात आणि कोठी बंद होते. यंदा चोळायचं माझ्याकडे होतं. श्रावणात झाकण काढलं तर गहू चालत होता.

"सोंडे झालेत," सासूबाई एवढंच म्हणाल्या. एरंडेलाचं नाव काढलं नाही, ते जास्त लागलं.

उघडीप बघून गच्चीवर धोतर अंथरलं, गहू पसरला. ऊन लागताच सोंडे कडेच्या सावलीकडे निघाले. एक बशीत घेतला आणि दादांचं पंचांगाचं भिंग धरलं. लगेच पाय पोटाशी घेऊन साहेब मेले. "मेला वाटतं," मी म्हटलं. "थांब जरा," आई म्हणाल्या. मिनिटभरात स्वारी उठून चालायला लागली!

सगळा मिळून 2 ते 4 मिलिमीटरचा जीव. तपकिरी पाठीवर चार लालसर ठिपके, मानेवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. आणि ती सोंड. मला वाटायचं तिनं तो रस पितो. छे! तोंड सोंडेच्या टोकाला, तिथेच इवलेसे जबडे, आणि बुडाशी कोपरात वाकवल्यासारख्या मिशा. म्हणजे सोंड कसली, गिरमिटच. मादी तिनं दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच बसवते. बाहेरून दाणा अखंड. बिनपायाची अळी आतच खाते, आतच कोष करते; उबेत महिनाभरात नवा सोंडा दाणा पोखरून बाहेर. 'परवाच तर निवडला होता' याचं उत्तर ते बूच आहे.

त्याच्या अंगात जीवाणूही राहतात. कवच कडक व्हायला लागणारा माल ते पुरवतात. कवच झालं की सोंडा त्यांना संपवून टाकतो. घर बांधून झाल्यावर मजुरांशी असं वागणारे दोन पायांचेही पाहिलेत.

स्वीडनच्या लिनेयस या निसर्गशास्त्रज्ञाने 1763 मध्ये याला तांदळाच्या नावाने नोंदवलं, पण गहू, ज्वारी, मका काहीच याला वर्ज्य नाही. धान्याच्या जहाजांतून उष्ण देशांत सगळीकडे पोचलाय. थंड मुलखातल्या त्याच्या चुलतभावाला उडता येत नाही. आपल्याला येतं, हे बशीतल्याने दाखवलं.

उरलेला गहू पाण्यात टाकला, पोकळ दाणे तरंगले ते काढले, बाकीचा वाळवून डबा चक्कीवर नेला. आमच्या इंदुरात 'गेहूँ के साथ घुन भी पिसता है' हे शाळेतच पाठ होतं. बुडाला बसलेल्या दाण्यांतल्या लहानग्या अळ्यांचं काय, हा विचार नेमका तिथे रांगेत आला.

"भाभीजी, साफ है ना?" चक्कीवाल्याने विचारलं.

मी मान हलवली.