साष्टीच्या बेटावर एक दिवस

माझे मामा मुंबई महानगरपालिकेच्या जलखात्यात चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. मुलुंडच्या त्यांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक हाताने काढलेला नकाशा लावलेला आहे. त्यावर रस्ते नाहीत, रेल्वे नाही. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला माहीमची खाडी, मधोमध डोंगर आणि तीन तलाव आहेत, आणि वर मामांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द आहे, साष्टी. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला गेले की ते मला त्या नकाशासमोर उभे करून सांगत, "आपण बेटावर राहतो, हे विसरायचं नाही."

आपण ते विसरलो आहोत, हे खरे आहे. मुंबई सात बेटांची, हे शाळेतले वाक्य सगळ्यांना पाठ असते, पण ती सात बेटे माहीमला संपतात आणि त्यांच्या उत्तरेला वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि कुर्ल्यापासून थेट ठाणे शहरापर्यंत पसरलेले साष्टी हे त्या सातांहून कितीतरी मोठे, स्वतंत्र बेट आहे, हे तिथे राहणाऱ्यांच्याही लक्षात नसते. सहासष्ट गावांचे म्हणून षट्षष्टी आणि त्यावरून साष्टी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांनी ते पोर्तुगीजांकडून जिंकले आणि १८४५ साली माहीमचा बांध झाल्यावर त्याचे वांद्र्याचे टोक मुंबईला रस्त्याने जोडले गेले. भराव आणि पूल वाढत गेले, तसे बेटपण नजरेआड झाले. प्राण्यांच्या दृष्टीने मात्र ते अजूनही बेटच आहे.

या वर्षी माघी पौर्णिमा रविवारी आली. मामांनी आठवडाभर आधी फोन करून सांगितले की त्या दिवशी आपण साष्टी पश्चिमेच्या किनाऱ्यापासून पूर्वेच्या खाडीपर्यंत एका दिवसात ओलांडायची. पौर्णिमाच का, हे विचारल्यावर ते म्हणाले, "उधाणाचे दिवस असतात. पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि पहाटे व संध्याकाळी ओहोटी मिळते. दोन्ही किनारे उघडे सापडतील." मामेभावाने गाडी चालवायचे कबूल केले आणि आम्ही अंधारातच निघालो.

वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर उतरलो तेव्हा चंद्र पश्चिमेला समुद्रावर खाली आला होता आणि त्याच्या उजेडात किनारा ओळखू येत नव्हता. एरवी जिथे लाटा आपटतात तिथे काळ्या खडकांचे पटांगण पसरले होते, आणि खळग्याखळग्यांत साचलेल्या पाण्यात विजेरीचा उजेड पडला की काहीतरी हलत होते. एका खळग्यात समुद्रफुले उमललेली होती, हिरवट, मऊ, बोटाची सावली पडताच आक्रसणारी. त्यांना फूल म्हणतात खरे, पण ते मांसाहारी प्राणी आहेत, आणि त्यांच्या पाकळ्या म्हणजे भक्ष्याला डंख करणाऱ्या भुजा आहेत. शेजारी रिकाम्या शंखात शिरून बसलेले खेकडे इकडून तिकडे चालले होते. शरीर वाढले की हा खेकडा जुना शंख सोडून मोठा शंख शोधतो, आणि तो मधला काही क्षणांचा उघडेपणा हाच त्याच्या आयुष्यातला सर्वात धोक्याचा काळ असतो.

थोड्या अंतरावर खारदांड्याच्या दोन कोळणी खडकावर उकिडव्या बसून कालवे काढत होत्या. शिंपल्याच्या वरच्या झाकणावर नेमका घाव घालायचा, आतला मांसल भाग अलगद उचलून डब्यातल्या पाण्यात टाकायचा, आणि पुढच्या शिंपल्याकडे वळायचे, हे त्या बोलता बोलता करत होत्या. त्यांतल्या थोरलीने मामांना विचारले, "काय शोधताव काका?" मामांनी सांगितले, "काही नाही ताई, बघायला आलोय." त्यावर ती म्हणाली, "मंग बिगी बिगी बघा, सुकती संपत आलीय." खरोखरच, फटफटीत उजाडेपर्यंत आमच्या पायाशी पाणी आले आणि ते सगळे पटांगण, समुद्रफुलांसह, पुन्हा समुद्राखाली गेले.

बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारात पोचलो तेव्हा फिरायला आलेल्यांची गर्दी होती, पण कान्हेरीच्या रस्त्याला लागल्यावर ती विरळ झाली. या उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि ते पूर्णपणे या बेटावर नसून उत्तरेकडचा काही भाग खाडीपलीकडे वसईच्या बाजूला आहे. फेब्रुवारीचे जंगल पानगळीने उघडे झालेले असते, त्यामुळे पावसाळ्यात हिरव्या भिंतीआड लपणारे पक्षी सहज दिसतात. रस्त्याच्या वळणावर एक काटेसावर पूर्ण फुलली होती. अंगावर पान नाही, फक्त तांबडी, जाड पाकळ्यांची फुले, आणि त्यांतल्या मधावर कोतवाल, मैना, बुलबुल, शिंजीर यांची अशी झुंबड उडाली होती की अर्धा तास आम्ही तिथून हललो नाही. हळद्या आला, तांबट आला. एक वानर फांदीवर बसून फुले सोलून खात होते आणि खाली पडलेली फुले दोन चितळे उचलत होती. वानर वरून टाकते आणि चितळ खाली खाते, ही दोघांची जुनी सोबत आहे. बिबट्या आला तर वरच्याला आधी दिसतो आणि खालच्याला आधी वास येतो.

उतारांवर कारवीच्या वाळलेल्या काठ्या उभ्या होत्या. या जंगलातली कारवी २००८ साली फुलली, मग २०१६ साली आणि त्यानंतर २०२४ साली. सात-आठ वर्षांतून एकदा सगळी झुडपे एकाच वेळी जांभळी होतात, बी धरतात आणि मरतात. मामांनी एक काठी मोडून दाखवली. याच काठ्यांचे कूड विणून, त्यावर शेणमाती लिंपून इथल्या आदिवासींच्या घरांच्या भिंती उभ्या राहत आल्या आहेत.

कान्हेरीला लोक लेणी पाहायला जातात. मामा मात्र तिथे प्रत्येक वेळी पाणीच पाहतात, आणि त्यांच्यामुळे मलाही आता लेण्यांइतकेच ते पाणी दिसते. काळ्या बेसॉल्टच्या एका डोंगरात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी जमिनीत कोरलेले एक टाके आहे. डोंगरावर पडणारा पाऊस खडकात कोरलेल्या पन्हळींतून वळवून या टाक्यांत आणलेला आहे. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे आणि ती कोणी दान दिली याची नोंदही आहे. कोणी व्यापारी, कोणी सोनार, कोणी भिक्षुणी. फेब्रुवारीतही काही टाक्यांत पाणी होते. एका टाक्याच्या काठावर ओल्या खुरांचे ठसे उमटलेले होते. मामा वाकून बराच वेळ ते पाहत राहिले आणि म्हणाले, "दोन हजार वर्षं झाली, पण पुरवठा चालू आहे."

त्यांचे हे बोलणे व्यवसायाचे होते, आणि तिथेच एका पायरीवर बसून त्यांनी मला जी गोष्ट सांगितली, ती मी इतकी वर्षे नकाशा पाहूनही नीट समजून घेतली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईच्या विहिरी पुरेनाशा झाल्या, तेव्हा मिठी नदीच्या उगमाकडे बांध घालून १८६० साली विहार तलाव पूर्ण झाला आणि १८७९ साली तुळशी. तलावाचे पाणी पिण्याचे असल्यामुळे त्याच्या पाणलोटात वस्ती, शेती, तोड होऊ द्यायची नाही, असा कटाक्ष पाळला गेला. पुढे तानसा, वैतरणा, भातसा येथून पाणी येऊ लागले आणि आज शहराच्या गरजेत विहार-तुळशीचा वाटा अगदी थोडा आहे, पण तोवर त्या दोन तलावांभोवतीचे जंगल वाचले होते. "बिबट्याला वाचवायला कोणी ते राखलं नव्हतं," मामा म्हणाले. "पाणी राखलं, त्याच्याबरोबर जंगल राहिलं, आणि जंगलाबरोबर तो राहिला." विहारला ड्युटी असताना थंडीच्या सकाळी काठावर ऊन खात पडलेल्या मगरी त्यांनी रोज पाहिल्या होत्या. तिथे सामान्य माणसाला जाता येत नाही, आणि जाऊ देऊही नये असे मला वाटते.

तिथून उतरून आम्ही गोरेगावला आरेत गेलो. आरे दुग्ध वसाहत १९४९ साली झाली, पण इथले वारली पाडे त्याहून फार जुने आहेत. मामांच्या ओळखीच्या एका घरी तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि मिरचीचा ठेचा असे जेवण मिळाले. घरातल्या आजींना मी बिबट्याबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी मला हाताला धरून घरामागे नेले. एका झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. त्यावर वाघ कोरलेला होता आणि त्याच्या वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र. हा वाघोबा. वाघबारशीला त्याची पूजा होते. आजींच्या बोलण्यात बिबट्याला बिबट्या म्हणतच नाहीत, वाघच म्हणतात. "आम्ही त्याच्या वाटेत आणि तो आमच्या वाटेत," त्या म्हणाल्या. "सांजेला पोरांना एकटं सोडायचं नाही, कचरा टाकायचा नाही. कचऱ्यावर कुत्रे येतात, कुत्र्यांवर वाघ येतो."

अभ्यासकांनी वर्षानुवर्षे खपून जे मांडले तेच त्या एका वाक्यात सांगत होत्या. २०१८ साली उद्यान आणि परिसरात कॅमेरा-सापळे लावून झालेल्या अभ्यासात ४७ बिबटे नोंदले गेले. एवढ्या दाटीच्या शहराला खेटून एवढे बिबटे जगतात, यात इथल्या भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. २००२ ते २००४ या काळात, आणि विशेषतः २००४ च्या जून महिन्यात, बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली होती. त्या भीतीच्या दिवसांतले मामींचे अंगणातले दिवे मला आठवतात. दुसऱ्या ठिकाणी पकडलेले बिबटे आणून अनोळखी जंगलात सोडण्याची पद्धत हे त्यामागचे एक मोठे कारण असल्याचे विद्या अत्रेय यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले. ओळखीचा मुलूख हिरावला गेलेला प्राणी बिथरतो. ज्या बिबट्याला आपला पाडा, आपली वाट आणि आपली माणसे ठाऊक आहेत, तो सहसा कोणाच्या नजरेलाही पडत नाही. आम्हालाही तो दिसला नाही. आरेत दिसण्याजोगे लहान जीवही पुष्कळ आहेत. इथे सापडलेल्या विंचवाच्या एका जातीला तर आरेचेच नाव दिलेले आहे, लायकास आरेएन्सिस.

दुपारी बेट सोडावे लागले, कारण ठाण्याच्या खाडीत फिरवणाऱ्या बोटी ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून सुटतात आणि ऐरोली मुख्य भूमीवर आहे. भरती उतरू लागली होती. दोन्ही काठांना तिवरांची दाट रांग होती आणि त्यांच्या खाली चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो श्वसनमुळे वर आलेली होती. या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते. पाणी ओसरलेल्या जागी निवट्या कल्ल्यांच्या पंखांवर भार देऊन उड्या मारत होत्या. मासा असून त्या जमिनीवर चालतात, ओल्या कातडीतून श्वास घेतात. बोटवाल्याने सांगितले की या कांदळवनात कोल्हेही आहेत आणि रात्री त्यांची कोल्हेकुई ऐकू येते.

मग एका वळणावर चिखलाच्या सपाटीवर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले. लांबून ती फिकट गुलाबी पट्टी वाटली. बोटीचे यंत्र बंद झाल्यावर त्यांचा आवाज आला, बदकांच्या मोठ्या कळपासारखा, सतत चाललेला, घोगरा. हजारो पक्षी माना उलट्या करून, चोच पाण्यात तिरकी धरून, पुढे-मागे फिरवत गाळणीसारखे पाणी गाळत होते. लहान रोहित सूक्ष्म शेवाळ खातो आणि त्या शेवाळातल्या रंगद्रव्यानेच त्याची पिसे गुलाबी होतात. १९९० च्या दशकापासून ते इथे मोठ्या संख्येने येऊ लागले. शहराच्या सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे खाडीत शेवाळ वाढले आणि त्या शेवाळावर ते आले, असे अभ्यासक सांगतात. २०१५ साली या खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालील पाणथळीचा दर्जा मिळाला. मामा गप्प होते. आयुष्यभर त्यांनी शहरात पाणी आणले आणि ते पाणी वापरून झाल्यावर कुठे जाते, हे त्यांच्या समोर गुलाबी होऊन उभे होते. मला त्यात आनंदाबरोबर काळजीही वाटली. जे सांडपाणी या पक्ष्यांना पोसते तेच जास्त झाले तर खाडी गुदमरेल, आणि काठावर टाकलेल्या प्रत्येक डंपरभर राडारोड्याने त्यांची ताटे आक्रसत जातात.

बोट परतल्यावर आम्ही काठावरच थांबलो. समोर, खाडीपलीकडे, मुलुंड-भांडुपच्या इमारतींच्या मागे येऊरपासून विहारपर्यंतची डोंगरांची रांग एकसंध काळी उभी होती आणि सूर्य तिच्या मागे गेला. तेवढ्या अंतरावरून पहिल्यांदाच मला ते बेट बेटासारखे दिसले, चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये जंगलाचा कणा. थोड्याच वेळात आमच्या पाठीमागे, नवी मुंबईच्या बाजूने चंद्र वर आला. पहाटे वांद्र्याच्या समुद्रात उतरलेला हाच.

गाडी ऐरोलीच्या पुलावर चढली. खाली ओहोटीचा चिखल चांदण्यात चमकत होता. पुलाच्या मध्यावर मामांनी काच खाली केली आणि मामेभावाला म्हणाले, "जरा हळू घे रे. बेटावर शिरतोय."