स्प्रिंगमध्ये दिसलेले बल

शाळेची इमारत, स्नेहसंमेलने, मैदानावरचे सामने यांबद्दल या स्मरणिकेत बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. मला लिहायचे आहे प्रयोगशाळेतल्या एका स्प्रिंगबद्दल, आणि ती स्टँडला अडकवून आमच्यापुढे ठेवणाऱ्या आमच्या विज्ञानाच्या बाईंबद्दल.

पुस्तकात बल बाणाने दाखवतात. ढकललेल्या ठोकळ्याला बाण, पडणाऱ्या दगडाला बाण. पण ठोकळ्याकडे किंवा दगडाकडे कितीही पाहिले तरी त्यावरचे बल काही दिसत नाही. बाई म्हणायच्या, "बल बघायचे असेल तर स्प्रिंगकडे बघा. तिच्यात ते पट्टीने मोजता येते." स्प्रिंगला 100 ग्रॅमचे वजन लावले की ती 4 सेंमी वाढायची, 200 ग्रॅमला 8, 300 ग्रॅमला 12. वहीत स्प्रिंगची एकूण लांबी लिहिलेली बाईंना चालत नसे. मूळ लांबीपासून झालेली वाढच लिहायची. आलेख मांडला की मूळबिंदूतून जाणारी सरळ रेषा मिळायची. 100 ग्रॅमचे वजन म्हणजे 0.98 न्यूटन बल, त्याला 0.04 मीटरने भागले की 24.5 न्यूटन प्रति मीटर हा त्या स्प्रिंगचा स्थिरांक. एक जुनी, पातळ तारेची स्प्रिंग मात्र बाईंनी मुद्दाम जास्त ताणून दाखवली. ती परत मूळ लांबीला आली नाही. स्थितिस्थापकतेची मर्यादा आम्ही अशी पाहिली, व्याख्या नंतर लिहिली.

हा नियम रॉबर्ट हूकचा. त्याने 1676 मध्ये तो छापला, पण उघड नाही. लॅटिन वाक्यातली अक्षरे सुटी करून वर्णक्रमाने लावली आणि नुसती ती मालिका दिली, म्हणजे शोधावरचा हक्क राहावा आणि गुपितही राहावे. 1678 मध्ये त्याने ते कोडे उलगडले: जेवढा ताण, तेवढे बल. न्यूटनचे गतीविषयक नियम छापून आले ते 1687 साली. बाई हा क्रम आवर्जून सांगत. स्प्रिंगचा नियम आधी हाताशी होता; बल आणि गती यांचा हिशोब नंतर पूर्ण झाला.

तिसरा नियम दोन तानकाट्यांवर शिकवला. एकमेकांत अडकवलेले दोन तानकाटे दोघांनी दोन बाजूंनी ओढायचे. एक जण कितीही जोर लावो, दोन्ही काट्यांवर आकडा एकच. मग एका विद्यार्थ्याला बाजूला करून त्याच्या हातातला काटा भिंतीतल्या हुकाला अडकवला, आणि पहिल्याने तितकेच ओढले. आकडे तेच! भिंतही ओढते, हे त्या दिवशी पटले. क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून ती एकमेकांना रद्द करत नाहीत, हे वाक्य मी पुढे अनेकांना समजावले आहे, आणि प्रत्येक वेळी दोन तानकाटे शोधले आहेत.

पण खरा धडा दोलनांचा. 400 ग्रॅमचे वजन लावून स्प्रिंग 16 सेंमी ताणलेली. वजन आणखी 2 सेंमी खाली ओढून सोडायचे. बाईंचा प्रश्न: सर्वांत खालच्या बिंदूला वजन क्षणभर थांबते, तेव्हा त्याच्यावर निव्वळ बल किती? वर्गातून शून्य हेही उत्तर आले आणि सर्वांत जास्त हेही. बाईंनी निकाल दिला नाही, फळ्यावर गणित मांडले. खाली ताण 18 सेंमी, म्हणजे स्प्रिंगचे बल 4.41 न्यूटन; वजन 3.92 न्यूटन, वरच्या दिशेने 0.49 न्यूटन उरले. मधल्या बिंदूला दोन्ही बले सारखी, निव्वळ बल शून्य, आणि वेग मात्र तिथेच सर्वाधिक. जिथे वेग नाही तिथे बल सर्वांत मोठे, जिथे बल नाही तिथे वेग सर्वांत मोठा. गतीसाठी सतत बल लागते ही समजूत आपल्या मनात इतकी मुरलेली असते की नुसता दुसरा नियम पाठ करून ती जात नाही. बल वेग बदलते, एवढेच ते करते. माझ्या मते शालेय भौतिकशास्त्रात याहून महत्त्वाचे काही नाही, आणि ते शिकवायला दोलन पावणाऱ्या स्प्रिंगइतके चांगले साधन मी अजून पाहिलेले नाही.

मग आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाला लागणारा वेळ. 100 ग्रॅमला 20 दोलनांना 8 सेकंद, 400 ग्रॅमला 16. वस्तुमान चौपट, वेळ दुप्पट. (स्प्रिंगच्या स्वतःच्या वस्तुमानाचा साधारण एक तृतीयांश भागही हिशोबात धरावा लागतो, आमची स्प्रिंग हलकी होती.) त्यानंतर बाईंनी शेजारी 16 सेंमी लांबीचा लंबक टांगला. स्प्रिंग वरखाली, लंबक डावीउजवीकडे, आणि दोघे बरोबर एकाच तालात. वजनामुळे स्प्रिंग जितकी ताणते तितक्याच लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल तिच्याएवढा असतो, हे सूत्रातून दोन ओळींत निघते.

ही गोष्ट मला व्यवसायातही उपयोगी पडली. मी वाहनांच्या सस्पेन्शनवर काम केले. गाडीच्या भाराने स्प्रिंग 25 सेंमी दबत असेल तर गाडीची वरखाली दोलने सेकंदाला साधारण एक, हा अंदाज कागद न घेता येतो. प्रवासी गाड्यांमध्ये हा आकडा साधारण एक ते दीडच्या आसपास ठेवतात. दोलने लवकर विरवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे. भार पेलते ती स्प्रिंग.

लंबक आणि स्प्रिंग यांची जोडी चंद्रावर मात्र फुटेल. तिथे गुरुत्व त्वरण सुमारे एक षष्ठांश, म्हणून लंबक संथ होईल. स्प्रिंगचा ताणही कमी होईल, पण तिचा आवर्तकाल तोच राहील, कारण तो वस्तुमान आणि स्थिरांक यांवरच ठरतो. 1973 मध्ये सोडलेल्या स्कायलॅब या अंतराळस्थानकात अंतराळवीरांचे वस्तुमान याच तत्त्वावर मोजत. तिथे वजनकाटा शून्य दाखवणार. म्हणून स्प्रिंगवर बसवलेल्या आसनात बसायचे, दोलने मोजायची आणि आवर्तकालावरून किलोग्रॅम काढायचे. हे वाचले तेव्हा मला बाईंचा 400 ग्रॅमचा ठोकळा आठवला.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग सुचवतो. लांब, मऊ स्प्रिंग वरच्या टोकाला धरून मोकळी लोंबू द्या, हलायची थांबली की सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रित करा. वरचा भाग मिटत खाली येईल, पण तो पोहोचेपर्यंत खालचे टोक हवेत जागच्या जागी राहील. वरचे टोक सुटल्याची खबर तारेतून खाली पोहोचायला वेळ लागतो. तोवर खालच्या वेढ्याला वर ओढणारे बल त्याच्या वजनाएवढेच असते, म्हणून तो हलत नाही. स्प्रिंगचा गुरुत्वमध्य मात्र सुटल्या क्षणापासून 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणानेच पडत असतो. चित्रफितीतल्या एकेका चौकटीत तो कुठे आहे हे शोधून आलेख काढा.