दुखणं वेगळं, सूज वेगळी: मायच्या हाताची डॉपलर सोनोग्राफी

गावात वात म्हटलं की सगळं एकाच पोत्यात जातं. गुडघे झिजले तो वात, चिकनगुन्या होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने सांधे धरतात तो पण वात, आणि आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते तो रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, तो पण वातच. माझ्या मायला हा शेवटचा आहे. आमवाताची मेथोट्रेक्सेट गोळी चालू होती (ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून आधीच सांगून ठेवते), पण ती एकटी पुरेना म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी अडालिमुमॅबचं इंजेक्शन जोडलं, ४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, पोटाच्या कातडीखाली.

हे औषध टीएनएफ नावाच्या एकाच प्रोटीनला धरतं, जे सांध्यातली सूज पेटती ठेवतं. टीएनएफ अडवून आमवात आटोक्यात येतो हे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९० च्या दशकात पेशंटवर दाखवलं, २००३ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला, वैद्यकीय संशोधनाचा मोठा मान तो. आपल्याकडे २०१४ च्या डिसेंबरात झायडस कंपनीने अडालिमुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारं दुसऱ्या कंपनीचं औषध, आणलं, तसं जगातलं पहिलंच, त्यामुळे ते थोडं तरी आवाक्यात आलं. तरी शेतकऱ्याच्या घरात प्रत्येक सुईचा हिशोब होतोच, आणि सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करावी लागते कारण दबलेला टीबी या औषधाने जागा होऊ शकतो, वर ती सुई २ ते ८ डिग्रीत ठेवायची, लाइन गेली की माझा जीव फ्रिजपाशी.

तर वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, कापूस वेचणी सुरू झाली आणि मायचा उजवा हात अंगठ्याच्या बुडाशी परत दुखायला लागला. ती म्हणाली, "सुया टोचून टोचून पैसा चालला अन् हात तं दुखूनच रायला, बंद करा हे." भावाचं म्हणणं दुसरं औषध बदलून घ्या. अंगातली सूज रक्तातून सांगणारी सीआरपी तपासणी तर नॉर्मल. मग औषध लागू पडतंय की नाही हे ठरवायचं कशावरून?

डॉक्टरांनी दोन्ही हातांची डॉपलर सोनोग्राफी लिहून दिली. मी विचारलं एक्स-रे का नाही, तर एक्स-रेत हाड खाल्लं गेलेलं दिसतं, ते खाल्लं जात असताना आतली मऊ सूज दिसत नाही. म्हणजे गारपीट होऊन गेल्यावर तलाठ्याने केलेला पंचनामा. एमआरआयमध्ये अस्तराची सूज दिसते आणि हाडाच्या आतलं पाणी पण दिसतं, ते पुढे हाड खाल्लं जाईल याचा इशारा असतो, पण खर्च जास्त आणि बराच वेळ न हलता पडून राहावं लागतं. सोनोग्राफीत अस्तर जाड झालंय का ते कळतं आणि पॉवर डॉपलर लावला की त्या अस्तरात रक्त धावतंय का ते लाल-केशरी ठिपक्यांत दिसतं. रक्त धावतंय म्हणजे आजार तिथे चालू आहे. त्याला ० ते ३ अशी ग्रेड देतात, ० म्हणजे काहीच नाही, ३ म्हणजे सगळ्यात जास्त.

सेंटरच्या दारावर गर्भलिंग निदान केलं जात नाही हा बोर्ड वाचून माय म्हणे, "मायवो, या वयात सोनोग्राफी काहाले?" बाकीच्या बायांना पण नवल वाटत होतं, हाताची पण सोनोग्राफी असते का म्हणून. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने प्रत्येक मशीनची नोंदणी लागते आणि ते बरोबरच आहे, मुली वाचाव्यात म्हणून आहे तो, पण त्यामुळे सांध्याच्या डॉक्टरला आपल्या टेबलाशेजारी मशीन ठेवणं सोपं राहत नाही आणि आपल्याला वेगळ्या सेंटरला जावं लागतं, तिथे कोण करतं त्यावर बरंच अवलंबून. सोनोग्राफी करणाऱ्या मॅडमने भरपूर जेल लावलं, प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, अगदी अलगद टेकवला, कारण दाबला तर बारीक रक्तप्रवाह थांबतो आणि खरा आजार असून स्क्रीन कोरी दिसते. हात गार असले तरी तसंच होऊ शकतं. दुखायची गोळी घेऊन गेलो तरी चित्र सौम्य दिसू शकतं, म्हणून ती कधी घेतली हे सांगायचं.

रिपोर्ट बघून मी चाट पडले. जिथे दुखत होतं त्या अंगठ्याच्या बुडाशी डॉपलर ०, तिथे फक्त झीज, हाडाला बारीक टोकं आलेली. आणि तर्जनीच्या मुळाशी, जिथे मायला काहीच दुखत नव्हतं, तिथे ग्रेड २. म्हणजे सुई काम करत होती, थोडं शिल्लक होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन बदललं नाही, मेथोट्रेक्सेट थोडी वाढवली आणि अंगठ्याला वेचणीच्या वेळी लावायचा पट्टा दिला. फक्त दुखण्यावर गेलो असतो तर चालणारं औषध सुटलं असतं.

पण दर भेटीला हा स्कॅन करा असं मी म्हणत नाही. नॉर्वेतल्या आर्क्टिक नावाच्या ट्रायलमध्ये, २०१६ मध्ये छापून आली ती, नियमित काटेकोर तपासणीला दरवेळी सोनोग्राफी जोडून विशेष जास्त फायदा निघाला नाही, डेन्मार्कमध्ये २०१९ ला एमआरआयचंही तसंच निघालं. मला वाटतं डॉक्टरने नीट बोटं दाबून एकेक सांधा बघणं हे पहिलं, आणि दुखणं एक सांगतंय, रक्ताची तपासणी दुसरं सांगतेय असा पेच पडला, किंवा महाग औषध बदलायची वेळ आली, तेव्हा डॉपलर मागून घ्यावा. जायच्या आधी फोन करून विचारा की हाताच्या सांध्यांची डॉपलर करता का, नाहीतर भाडं वाया जातं. आणि रिपोर्टमध्ये प्रत्येक सांध्याची ग्रेड वेगळी लिहून मागा, नुसतं "सूज आहे" यावरून पुढच्या वेळी तुलना करता येत नाही.

आता माय विचारते सुईतलं अंतर वाढवता येईल का. डॉक्टर म्हणाले, "काकू, वेचणी संपू द्या, परत एकदा डॉपलर करू." तर्जनीच्या मुळाशी रंग शिल्लक दिसला तर अंतर वाढवायचं नाही, कारण अशात औषध कमी केलं तर आजार परत उसळायची भीती जास्त असते, आणि कोरं दिसलं, हातही नीट राहिला, तर हळूहळू वाढवून बघू.