मंजूर आणि मंजुरी

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी गल्ल्यावर होतो आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं. 'देतो' म्हणून टाकलं. रात्री वही घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, दहावीनंतर बिलं आणि जीएसटीचे कागद सोडले तर मी काहीच लिहिलेलं नाही. चुका असणारच. तांबड्या पेनने गोल करायला सर आता नाहीत.

सर म्हणजे कोण, हे १९७८ च्या दहावी 'ब'ला सांगायला नको. मराठीचे. चालताना डावा खांदा किंचित खाली, कारण त्या खांद्याला कागदांनी फुगलेली रेक्झिनची पिशवी. बाकीच्या शिक्षकांनीही आम्हाला भरपूर शिकवलं, त्यांच्याबद्दल इतर कुणीतरी लिहीलच. मला दोन पानंच दिली आहेत.

सरांचं व्याकरण एका प्रश्नाभोवती फिरायचं. फळ्यावर वाक्य लिहायचे, वर्गाकडे वळायचे आणि विचारायचे, "कर्ता कोण?" एकदा सूचनाफलकावर नोटीस लागली होती : 'विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की…' सरांनी तीच फळ्यावर उतरवली. कळवतंय कोण? आम्ही गप्प. सर म्हणाले, "हा सरकारी प्रयोग. यात कर्ता पळून गेलेला असतो. त्याला शोधून आणायचं." तेव्हा आम्ही हसलो. हे वाक्य पुढे किती ठिकाणी कामाला येणार होतं, हे त्या वेळी कुणाला माहीत?

आमचं दुकान शाळेच्या मागच्या बोळात होतं, अजूनही आहे. सरांचं खातं आमच्याकडेच. महिन्याला सामान न्यायचं आणि पगार झाला की चुकता करायचं. दादा, म्हणजे माझे वडील, त्यांना 'मास्तर' म्हणत, सर दादांना 'शेठ'. मी दहावीत असताना, डिसेंबर १९७७ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. त्यात शिक्षकही उतरले. मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची, मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचं बोर्ड येऊन तीनच वर्षं झाली होती, मार्चमध्ये परीक्षा, आणि इकडे वर्ग ओस. दादा रोज सकाळी पेपर आपटायचे. "पोरांचं वर्ष घालवतायत मास्तर लोक." गिऱ्हाईकंही माना डोलवायची. खरं सांगायचं तर मलाही सरांचा राग आला होता.

जानेवारीत आम्ही चौघं त्यांच्या वाड्यात गेलो. लाकडी जिना, वर दोन खोल्या. सर जमिनीवर उकिडवे बसून मांजरपाटावर तांबड्या रंगाने अक्षरं काढत होते. आम्ही म्हणालो, व्याकरणाचं राहिलंय, घरी घ्या ना.

"मी संपावर आहे. शिकवणार नाही."

"घरी पण नाही?"

"घरी शिकवलं तर शाळेत का नाही, असं उद्या कुणीही विचारेल. आणि बरोबरच विचारेल."

आम्ही पडलेल्या चेहऱ्याने वळलो, तर मागून आवाज आला, "आलाच आहात तर ब्रश धरा."

माझ्या वाट्याला ओळ आली 'आमच्या मागण्या मंजूर करा'. माझं अक्षर बरं होतं. झोकात लिहिलं आणि मागे सरकून बघत बसलो. सरही बघत राहिले. मग म्हणाले, "चूक कुठे आहे?" मला काही दिसेना. मी 'मंजुर' लिहिलं होतं. काकू आतून म्हणाल्या, "अहो, मोर्चात कोण बघतंय ऱ्हस्व-दीर्घ?" सर म्हणाले, "शिक्षकांचा मोर्चा आहे. सगळे तेवढंच बघतील."

दुसरं कापड नव्हतं. काकूंनी बाटलीच्या तळाशी उरलेलं रेशनचं रॉकेल दिलं आणि मी चिंधीने तो 'जु' घासत बसलो. पुसला गेला तो अर्धवटच, कापडावर गुलाबी डाग राहिला. त्यावर दीर्घ 'जू' चढवला. घासताना सर सांगत होते : शब्द अकारान्त असेल तर शेवटच्या आधीचा इकार-उकार दीर्घ. जमीन, फूल, मंजूर. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर तोच ऱ्हस्व होतो. मंजुरी. "म्हणून मागणी मंजूर झाली की दीर्घ आणि नुसती मंजुरीसाठी पाठवली की ऱ्हस्व." मग जीभ चावून म्हणाले, "हे शिकवणं नव्हे हं. ही फलकदुरुस्ती." संस्कृतातून आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत, गुण, मंदिर वगैरे. ते त्यांनी संप मिटल्यावर वर्गात सांगितलं.

संप ५४ दिवस चालला. ते दिवस मी सरांच्या घरात पाहिले नाहीत, दादांच्या उधारीच्या वहीत पाहिले. डिसेंबरच्या पानावर तूरडाळ, गोडेतेल, साखर, पाव किलो चहा. जानेवारीत चहा शंभर ग्रॅम झाला आणि साखर निम्मी. महिनाअखेरीला दोनच नोंदी, ज्वारी आणि मीठ. दादा रोज संपाला शिव्या घालत होते, पण त्या पानाखाली त्यांनी कधी रेघ मारली नाही. फेब्रुवारीत संप मिटला आणि सर सकाळी सात वाजल्यापासून वर्गात. रविवारीसुद्धा. उधारी मात्र एकदम फिटली नाही. थोडी थोडी करत, त्या वर्षीच्या पाडव्याच्या वहीपूजनाच्या आदल्या दिवशी सर शेवटचे पैसे घेऊन आले आणि म्हणाले, "शेठ, आता तुमची पोच द्या." दादांना हसू आवरेना.

पोच हा सरांचा दुसरा ध्यास. 'अर्ज देऊ नये, पोच घ्यावी,' असं ते तरुण शिक्षकांना सांगायचे. शिक्षकांच्या संघटनेत ते आधी शाळेचे प्रतिनिधी होते, मग तालुका, मग जिल्हा कार्यवाह, पुढे राज्याच्या कार्यकारिणीवर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पिशवी घेऊन स्वारगेट. सातारा, सांगली, सोलापूर करून सोमवारी पहिल्या तासाला हजर. कधीकधी हजर नसायचेही आणि तो तास चित्रकलेचे सर घ्यायचे, हे कबूल करतो. आमची तक्रार नव्हती.

लोकांना वाटतं पुढारी म्हणजे भाषण. सर भाषणात सामान्यच होते, आवाज चिरका. त्यांची ताकद कागदात. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा झाला आणि १९८१ ला नियमावली आली. ती त्यांनी आम्हाला प्रयोग शिकवले त्याच पद्धतीने राज्यभरच्या शिक्षकांना शिकवली. त्याआधी कित्येक ठिकाणी संस्थाचालकांच्या मनात आलं की मास्तर घरी. आता चौकशी समिती आली. तिच्यात संस्थेचा एक, ज्याच्यावर आरोप आहे त्याने निवडलेला एक आणि पुरस्कारप्राप्त शिक्षकांपैकी एक. तो मधला माणूस म्हणून सर किती खटल्यांत बसले, याची मोजदाद त्यांनीही ठेवली नसेल.

माझ्या धाकट्या मावशीचं उदाहरण घरातलंच आहे. ती जिल्ह्यातल्या एका शाळेत होती. बाळंतपणाच्या रजेवरून परतली तर हातात पत्र : 'आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.' ती रडत आमच्या दुकानात आली, दादांनी तिला सरांकडे नेलं. सरांनी पत्र दोनदा वाचलं, तांबडं पेन काढलं आणि समासात लिहिलं, 'कर्ता कोण?' खाली सही होती ती 'सचिवांकरिता' आणि ती करणारा लेखनिक. चौकशी नाही, ठराव नाही. सर म्हणाले, "तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचं. आजचा दिवस धरून मोज." मावशीला पुन्हा रुजू व्हायला काही वर्षं गेली, पण झाली. मागच्या पगारासह. पहिल्या पगाराचे पेढे तिने सरांना दिले, तर त्यांनी ते शाळेच्या शिपाईमामांना वाटून टाकले.

विधान परिषदेच्या पुणे शिक्षक मतदारसंघातून सर एकदा उभे राहिले. पडले. पाच जिल्ह्यांचा मतदारसंघ, पसंतीक्रमाची मतं, मोजणी रात्रभर. दुसऱ्या पसंतीत मागे पडले. मी स्कूटरवरून त्यांना घरी सोडलं. वाटेत एवढंच म्हणाले, "बाद मतपत्रिका किती निघाल्या, बघितलंस? शिक्षकांना आकडा लिहिता येत नाही." त्या रात्री ते हरल्यापेक्षा याने जास्त दुखावले होते, असं मला वाटतं.

आज आमची दोन दुकानं आहेत, दुसरं सिंहगड रोडला, तिथे मुलगा बसतो. संगणकावर बिल निघतं, उधारी बंद. शाळेत गेलो की मात्र बरं वाटत नाही. मैदानावर फरशा आणि त्यावर गाड्या. आमच्या वेळी इयत्तेच्या चार तुकड्या होत्या, आता एक भरताना शिक्षक घरोघर फिरतात, नाहीतर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, पद जातं. यावर लांबलचक लिहिणार होतो. पण माझी दोन्ही नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत, तेव्हा राहू द्या.

निवृत्तीनंतरही सरांची पिशवी खांद्यावरून उतरली नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तीन वर्षं मानधनावर काम. तेव्हा शिक्षण खात्याची कचेरी असलेल्या सेंट्रल बिल्डिंगच्या फाटकाबाहेर ते धरणं धरून बसले होते, डोक्याला रुमाल बांधून. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली तेव्हा म्हणाले होते, "याचं दुखणं वीस वर्षांनी कळेल."

तेवढीही वाट बघावी लागली नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा सर अंथरुणाला खिळले होते. मी संध्याकाळी दूध आणि बिस्किटं घेऊन गेलो. मोबाइलवर मोर्चाचा फोटो आला होता, तो दाखवला. पुढे दोन तरुण शिक्षिका फलक धरून : 'एकच मिशन, जूनी पेन्शन'.

सरांनी फोन हातात घेतला, नाकाजवळ नेला. दोन बोटांनी फोटो मोठा करायला मीच शिकवलं होतं. करून बघितला.

"कितवा दिवस?"

"सातवा. आज मिटला म्हणतायत."

"सातच?" थोडा वेळ गप्प राहिले. मग फोन माझ्याकडे देत म्हणाले, "त्या मुलींना कळव. जु ऱ्हस्व."