नाव काढलं, घर राहिलं

बेळगावातल्या एका संशोधन केंद्रात मी जनुकीय माहिती सांभाळते. हुद्दा डेटा मॅनेजरचा आहे, पण सासूबाईंनी विचारलं की 'किल्ल्या सांभाळते' म्हणून मोकळी होते. आमच्याकडे येणारी कुटुंबं खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगडची. नात्यात सोयरीक करायची रीत इकडे अजून पुरती गेलेली नाही. मामाची मुलगी केली की एकच सदोष जनुक आईबाप दोघांकडून लेकराला मिळण्याची शक्यता वाढते. त्यामुळे दुर्मिळ आजारांवर काम करणाऱ्यांचा आमच्या माहितीवर डोळा असतो, आणि तो असायलाही हवा.

त्या दिवशी, ही माहिती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या आमच्या समितीपुढे हैदराबादच्या एका तरुण संशोधिकेचा अर्ज होता. अर्ज चोख. तिच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, वरिष्ठांची सही, नेमका प्रश्न कोणता आणि त्यासाठी कुठल्या फायली हव्यात याचा खुलासा, कुणाचीही ओळख शोधणार नाही अशी लेखी हमी. जगभर साधारण अशीच रीत आहे. अमेरिकेतलं डीबीगॅप असो की युरोपातलं ईजीए, जनुकीय माहितीच्या या भांडारांत अभ्यासाचा गोषवारा कुणालाही दिसतो, एकेका माणसाची जनुकीय माहिती मात्र अर्ज मंजूर झाल्यावरच. जिनोमइंडिया प्रकल्पातल्या सुमारे दहा हजार भारतीयांची माहिती फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे. जानेवारी 2025 मध्ये ती संशोधकांसाठी खुली झाल्याचं जाहीर झालं, तीही नियमांच्या चौकटीतच.

मंजुरी मिळणार असं मी धरूनच चालले होते. पडद्यावर नमुन्यांचा तक्ता लावला. नावं नाहीत, गावं नाहीत. वय, तालुका, आईबापांचं नातं, भावंडं किती, लक्षणं कोणती, बस्स. वकीलबाई करारातलं एक कलम वाचत होत्या, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "बाई, तो पडदा बंद करा आधी."

गुरुजी आमच्या समितीतले सामान्य नागरिक. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले. बैठकीत बहुधा चहाखेरीज काही मागत नाहीत. मी पडदा बंद केला.

"नाव घेत नाही मी. पण ती चौथी ओळ, ते घर मला ठाऊक आहे की. पोराच्या बापाला मी शिकवलंय."

कुणी काही बोलेना. मग डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, नियमाप्रमाणे सगळं काढलंय." ते खरंच होतं. आजार कोणता, पोराचं वय किती, हे मी इथेही लिहीत नाही, आणि बाकीचे तपशीलही थोडे फिरवलेत. नाहीतर हे वाचणाऱ्या निम्म्या खानापूरला ते घर सापडेल.

आमच्या संख्याशास्त्रज्ञ मॅडमनी मग 2013 सालचं एक काम सांगितलं. अमेरिकेत काही संशोधकांनी निनावी जनुकीय नोंदींमधल्या वाय गुणसूत्राच्या खुणा घेतल्या आणि वंशावळीच्या खुल्या संकेतस्थळांवर ताडून पाहिल्या. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच. आडनाव हाती लागलं, त्याला वय आणि राज्य जोडलं, आणि जवळपास पन्नास माणसांची ओळख पटली. सगळं खुल्या माहितीवर, काहीही न चोरता.

गुरुजी ऐकत होते. म्हणाले, "तिकडे त्यांना आडनावासाठी एवढं करावं लागलं. आमच्यात एका गल्लीत एकच भावकी. आडनाव कळलं की राहिलं काय?"

आम्ही ज्याला ओळख पुसणं म्हणतो ते बाहेरच्या माणसासाठी असतं. शेजारच्या गल्लीतल्या माणसासाठी ते कसं करायचं, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. आणि जनुकांचं तर त्याहून अवघड. एकमेकांशी न जोडलेल्या तीस ते ऐंशी जागांवरची अक्षरं जुळली तरी माणूस एकमेव ठरतो, आणि आमच्या फायलीत तीन अब्ज अक्षरांचा पसारा. नाव खोडता येतं; फाइल हीच ओळख असेल तर काय खोडणार?

दुपारी त्या पोराचे आईवडील तपासणीला आले होते. माहिती पुन्हा वापरायची झाली तर आम्हाला विचारा, असं त्यांनी संमतिपत्रात लिहून दिलं होतं, म्हणून समुपदेशक आणि मी त्यांच्यापाशी बसलो. वडील ऐकून घ्यायलाच तयार नव्हते. "मॅडम, देऊन टाका की. कुणाला पायजे त्यांना द्या. दुसरं असं पोर कुठं सापडलं तर औषध लवकर निघंल." त्यांना खोटं कोण ठरवणार? दुर्मिळ आजारात दुसरं कुटुंब सापडणं हाच कित्येकदा पहिला पुरावा असतो.

आई इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "थोरलीला स्थळं बघूलालोय."

वडिलांनी मान खाली घातली. थोरली धडधाकट आहे. पण ती त्या जनुकाची वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण एक सदोष प्रत बाळगणारी, असण्याची शक्यता तीनात दोन. स्थळाकडच्यांना हे कळलं तर ते शक्यता मोजत बसणार नाहीत. सही बापाची, फाइल पोराची, आणि किंमत मोजणार तिसरीच. मला विचाराल तर संमतिपत्राच्या नमुन्यातली सगळ्यात मोठी फट हीच आहे.

संध्याकाळी समिती पुन्हा बसली. नकार द्यायचा नाही, यावर गुरुजींसकट सगळ्यांचं एकमत होतं. फायली हैदराबादला पाठवायच्या नाहीत. एका माणसाच्या जनुकसंचाची कच्ची फाइलच शंभर जीबीच्या आसपास. एकदा प्रत गेली की ती पुढे कुठे गेली हे करारालाही कळत नाही. त्याऐवजी संशोधिकेने आमच्या सर्व्हरवर बंद कक्षात येऊन काम करावं. दुहेरी पडताळणीने लॉगिन, प्रत्येक आज्ञेची नोंद, डाउनलोड बंद. निष्कर्ष बाहेर न्यायचे तर आधी आम्ही तपासणार. परवानगी वर्षभराची. ब्रिटनमधल्या यूके बायोबँकनेही पाच लाख लोकांची माहिती फायली वाटण्याऐवजी स्वतःच्या ऑनलाइन मंचावरच अभ्यासायला द्यायची वाट धरली आहे. तक्त्यातून तालुका गेला, वयाचे गट झाले, भावंडांचा रकाना कायमचा उडवला.

हे ऐकून आई म्हणाली, "मग चालतंय." वडील म्हणाले, "त्या बाईंना लवकर करा म्हणावं."

संशोधिका वैतागली. साहजिक आहे. तिच्याकडची साधनं आमच्या सर्व्हरवर बसवायलाच बरेच दिवस गेले. नंतर तिने पहिला निष्कर्ष बाहेर काढायला मागितला तो आमच्या तपासणीत अडला, कारण एका गटात एकच माणूस होता. तिने फोनवर मला चार शब्द सुनावले, मग दोघींनी बसून तो तक्ता पुन्हा रचला. आता तिला तो जनुकीय बदल, फक्त बदल आणि आजाराचं नाव, क्लिनव्हार या खुल्या नोंदवहीत टाकायचा आहे. म्हणजे दुसरीकडच्या डॉक्टरला असं पोर दिसलं तर त्याला जुळवून पाहता येईल. तो अर्ज पुढच्या बैठकीत येतोय. गुरुजींनी त्याची मराठी प्रत आधी त्या पोराच्या घरी पाठवायला सांगितली आहे.