आंब्याची पट्टी आणि ओहोटीचा चिखल

२०१९च्या जुलैत मी चार आठवडे जर्मनीत शिकायला होते. रत्नागिरीच्या कॉलेजात बी.एस्सी.चं दुसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. उत्तर समुद्राजवळच्या एका विद्यापीठात किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीचा उन्हाळी वर्ग होता, तिथे माझी निवड झाली. मेल आला त्या रात्री घरात कुणाला धड झोप लागली नाही. खरी अडचण पुढे आली, ती आमच्या कपाटातल्या कागदांची.

मुक्काम ९० दिवसांच्या आतला, म्हणून शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा थोड्या मुदतीचा व्हिसा. तेव्हा प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच अर्ज घेत, त्यामुळे एप्रिल उजाडेपर्यंत वाट बघावी लागली. ६० युरो फी, किमान ३०,००० युरोंचा विमा, निमंत्रणपत्र, कॉलेजचं ना-हरकत पत्र, येण्याजाण्याचं बुकिंग. हे सगळं पळापळ करून जमलं. अडलं ते बाबांच्या आयकर विवरणपत्रावर आणि तीन महिन्यांच्या बँक स्टेटमेंटवर.

रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या बाजूला आमची हापूसची दीडशे कलमं आहेत. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून बाबांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नव्हतं. स्टेटमेंट तर बघवत नव्हतं. जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत नुसती वजाबाकी: फवारणीची औषधं, राखणदाराचा पगार, पेट्या, काढणीची मजुरी. आमच्याकडे पैसा येतो तो एप्रिल-मेमध्ये, आणि तोच वर्षभर पुरवायचा असतो. हे आंबेवाल्याच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुंबईत फाईल तपासणाऱ्याला कसं ठाऊक असणार?

एका ओळखीच्यांनी सुचवलं, कुणाकडून तरी दोन लाख आणून खात्यात टाका. बाबांनी ऐकलं नाही. म्हणाले, "आपलं आहे तेच दाखवायचं. नाही झालं तर नाही." आज वाटतं, त्या एका वाक्यामुळेच मी गेले. मग आम्ही दोघांनी सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि वाशीच्या दलालाकडून तीन हंगामांत आलेल्या पट्ट्या काढल्या. पट्टी म्हणजे विकलेल्या पेट्यांचा हिशेब: किती पेट्या, काय भाव, हमाली-भाडं-दलाली वजा जाता हातात काय. काही पट्ट्यांवर आंब्याच्या चिकाचे डाग होते. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि वर एक पानाचं पत्र लावलं: हे झाड कधी मोहरतं, फळ कधी निघतं, पैसे कधी येतात, आणि प्रत्येक पट्टीची रक्कम त्या-त्या वर्षीच्या स्टेटमेंटमध्ये कुठल्या तारखेला दिसते. तुतारी एक्स्प्रेसने पहाटे दादरला उतरले, व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे दिले, फाईल दिली. काउंटरवरच्या बाईंनी विवरणपत्र नाही म्हणून दोनदा मान हलवली. मी पत्रावर बोट ठेवलं. तेराव्या दिवशी पासपोर्ट घरी आला, आत व्हिसा.

तुमच्याही घरी आंबा, काजू, मच्छी असं हंगामी उत्पन्न असेल तर कृपा करून खातं फुगवू नका. आपला हंगाम समोरच्याला तारखांसकट समजावून सांगा.

तिथले पहिले दिवस सगळ्यांचे जातात तसेच गेले. रविवारी दुकानं बंद, सूर्य मावळायला रात्रीचे पावणेदहा, आणि डोळ्यांपुढे आईच्या हातची पेज.

दुसऱ्या आठवड्यात आम्हाला कुक्सहाफनला नेलं. तिथे ओहोटी लागली की समुद्र मैलोन्‌मैल मागे जातो आणि चिखल-रेतीचं अफाट मैदान उघडं पडतं. जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या या किनारपट्टीला २००९ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. डेन्मार्कचा भाग २०१४ साली जोडला गेला. ओहोटीत सुमारे दहा किलोमीटर चालत नॉयवेर्क बेटावर जाता येतं. आम्ही थोडंच चाललो, अनवाणी. चिखल बोटांच्या मधून वर आला आणि मला आमची रत्नागिरीची भाट्याची खाडी आठवली. सगळीकडे शेवेच्या चकल्या पाडाव्यात तशी रेतीची वेटोळी. वाटाड्याने काटेरी फावड्याने एक ढेकूळ उलटलं, आत बोटाएवढा तपकिरी किडा. रेती गिळायची, त्यातलं खायचं तेवढं ठेवून उरलेली मागून बाहेर टाकायची, हाच त्याचा दिवस. मी त्याला तळहातावर घेतलं. तो गार होता आणि हळूच आखडत होता.

वाटाड्याने बजावलं, समोरच्या पाण्याकडे बघत राहू नका, आधी पाठीमागचे ओहोळ भरतात. मला हसू आलं आणि डोळेही भरले. खाडीत मुळे, म्हणजे शिंपले, काढायला जाताना आजी मला अगदी हेच सांगायची, "पाणी पाठीमागून येतं गो, आधी पाठ बघ."

१६ जुलैला गुरुपौर्णिमा होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. दुसऱ्या दिवशी वर्गात भरतीच्या वेळा निघाल्या तेव्हा मी आजीचा हिशेब मांडला: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान. सरांनी खडू माझ्या हातात दिला. दर तिथीला भरती पाऊण तास पुढे सरकते, हे तिथेही खरं निघालं, पण आकडा जुळेना. मग कळलं की उत्तर समुद्रात भरतीची लाट किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत जाते, म्हणून प्रत्येक बंदराचा स्वतःचा फरक असतो आणि तो मिळवावा लागतो. आजीच्या पाऊणपटीत आपल्या किनाऱ्याचा फरक आधीच मुरलेला होता. हे समजलं तो क्षण माझ्यासाठी त्या चार आठवड्यांतला सगळ्यात मोठा.

संध्याकाळी फोन केला. आजी म्हणाली, इथे पावसाने चंद्रच दिसला नाही. मी सगळं सांगितलं, फळा, खडू, सर. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "तिथे मुळे मिळतात काय गो?" म्हटलं, मिळतात, शिंपले आहेत, पण तिकडे आपल्यासारखं टोपली घेऊन कुणी आलेलं दिसलं नाही.

ऑगस्टमध्ये परत आले. पाऊस जरा उघडल्यावर ओहोटीला आजीबरोबर खाडीत उतरले, या वेळी हातात टोपलीबरोबर वहीही होती.